सीरियल पोर्ट मोकळा करताना

तळहातावर मावणाऱ्या संगणकाला बिनतारी मॉड्यूल जोडायचे तर बहुधा चार तारा पुरतात. एक वीजपुरवठ्याची, एक ग्राउंडची, एक बोलण्याची आणि एक ऐकण्याची. जीएसएमवरून एसएमएस पाठवणारे मॉड्यूल असो, शेतातल्या ओलाव्याचे आकडे दूरवर पोहोचवणारे लोरा असो, झिगबी असो की साधे ब्लूटूथ. बोलण्या-ऐकण्याच्या त्या दोन तारा ज्या दारातून संगणकात शिरतात, त्या दाराला सीरियल पोर्ट म्हणतात. तारा लावायला पाच मिनिटे लागतात. त्यानंतर पडद्यावर एकही अक्षर उमटत नाही, किंवा उमटतात ती निरर्थक चिन्हे. मग मॉड्यूलच खराब निघाले असे समजून ते दुकानदाराला परत केले जाते. पुष्कळदा मॉड्यूल ठीकच असते. लिनक्स चालवणाऱ्या छोट्या बोर्डांवर हा पोर्ट रिकामा मिळत नाही. त्यावर आधीच कोणीतरी बसलेले असते. ‘सीरियल पोर्ट सुरू करणे’ असे म्हणायची पद्धत असली, तरी खरे काम एकेका भाडेकरूला उठवून पोर्ट मोकळा करण्याचे आहे.

हे काम समजून घ्यायला रास्पबेरी पाय हा बोर्ड सोयीचा. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये विक्रीला आलेला हा बोर्ड आज अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपासून घरगुती प्रयोगांपर्यंत सगळीकडे दिसतो, आणि सीरियल पोर्टच्या बाबतीत जेवढे गोंधळ होऊ शकतात तेवढे सगळे त्याच्यावर होतात. (पुढे आज्ञा आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

सीरियल म्हणजे एकामागून एक. पाठवणारी तार रिकामी असते तेव्हा तिच्यावर वरचा व्होल्टेज असतो. एखादे अक्षर पाठवायचे झाले की ती एका बिटापुरती खाली येते. हा स्टार्ट बिट. त्यामागून आठ बिट अक्षराचे, शेवटी एक स्टॉप बिट, आणि तार पुन्हा वर. एका अक्षरासाठी असे दहा बिट खर्च होतात. ही जुळवाजुळव करणाऱ्या सर्किटला यूएआरटी म्हणतात. यात घड्याळाची वेगळी तार नसते, ही त्यातली कळीची गोष्ट. दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यायचा आणि आपापल्या घड्याळावर विसंबायचे. हा वेग बॉडमध्ये मोजतात. फ्रेंच तारायंत्र अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून हा शब्द आला. ९६०० बॉडला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो, ११५२०० ला जेमतेम ८.७. ऐकणारा स्टार्ट बिटची उतरण पाहून घड्याळ लावतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर डोकावतो. दहाव्या बिटापर्यंत जाताना चूक अर्ध्या बिटापलीकडे गेली की तो शेजारच्या बिटात डोकावू लागतो. म्हणून दोन घड्याळांमधला एकूण फरक पाच टक्क्यांच्या आत हवाच. व्यवहारात दोन टक्के हीच सुरक्षित मर्यादा धरावी. निरर्थक चिन्हे उमटतात ती बहुधा इथूनच. तार लागलेली असते, अक्षरे येतही असतात, फक्त ती चुकीच्या क्षणी वाचली जातात.

आता भाडेकरूंकडे. ते पोर्टवर का बसले याचे उत्तर जुन्या इतिहासात आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये युनिक्स जन्माला आले तेव्हा संगणकाशी सहसा पडद्यावरून बोलले जात नसे. कागदावर खडखडत छापणारे टेलिटाइप यंत्र सीरियल तारेने जोडलेले असे. लिनक्समध्ये सीरियल पोर्टांच्या नावाआधी आजही ‘टीटीवाय’ ही अक्षरे लागतात, ती टेलिटाइपचीच. लिनक्सचा स्वतःचा जन्मही याच तारेवरचा. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स याने आपल्या पीसीवर जे लिहायला घेतले, ते आधी निव्वळ टर्मिनल एम्युलेटर होते. मोडेममधून आलेली अक्षरे पडद्यावर दाखवायची, कीबोर्डवरची मोडेमकडे धाडायची आणि घरबसल्या विद्यापीठाच्या युनिक्स संगणकाशी बोलायचे. तेच वाढत वाढत ऑपरेटिंग सिस्टिम झाले. त्यामुळे सीरियल तारेच्या पलीकडच्या टोकाला माणूस बसलेला आहे, ही समजूत या घराण्याच्या हाडीमाशी भिनलेली आहे. तारेवर माणूस असेल तर त्याला बूट होतानाचे संदेश दाखवावेत, त्याच्याकडे लॉगिन मागावे, त्याने टाइप केलेले अक्षर त्याला परत दाखवावे, चुकल्यास बॅकस्पेसने खोडू द्यावे. माणसासाठी हे सगळे सौजन्य आहे. तारेला माणसाऐवजी मॉड्यूल लावले की त्यातला प्रत्येक उपचार अडचण होऊन बसतो.

पहिला भाडेकरू कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कन्सोल. बोर्ड चालू होताना कर्नल आपली हालहवाल ओळीओळीने सीरियल पोर्टवर लिहीत जातो. रास्पबेरी पायवर हे ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ या फायलीतल्या ‘कन्सोल=सीरियल०,११५२००’ या तुकड्यामुळे घडते. दुसरा भाडेकरू ‘गेटी’ नावाचा प्रोग्रॅम. बूट पूर्ण झाले की तो तारेवर ‘लॉगिन’ असा प्रश्न टाकतो आणि उत्तराची वाट पाहतो. तारेच्या त्या टोकाला जीएसएम मॉड्यूल असेल तर त्याला हा प्रश्न कळत नाही, फार तर ते ‘एरर’ असे उत्तर देते. गेटी ते कोणा माणसाचे नाव समजून पासवर्ड मागतो, मॉड्यूल पुन्हा ‘एरर’ म्हणते, आणि दोन बहिऱ्यांचा हा संवाद तासन् तास चालू राहतो. वापरणाऱ्याने मध्येच स्वतःची आज्ञा पाठवली तर तिचे उत्तर अर्धे त्याच्या प्रोग्रॅमला आणि अर्धे गेटीला मिळते, कारण पोर्टवर आलेला प्रत्येक बाइट जो आधी वाचेल त्याचा.

लोराच्या बाबतीत हे प्रकरण तारेपुरते राहत नाही. ईबाइट कंपनीचे ई-३२ मालिकेतले मॉड्यूल नेहमीच्या अवस्थेत पारदर्शक असते, म्हणजे तारेवरून जे येईल ते जसेच्या तसे हवेत सोडते. कन्सोल उठवला नाही तर बोर्ड चालू होताना कर्नलचे संदेश आणि मागोमाग लॉगिनचा प्रश्न रेडिओवरून प्रसारित होतात. वेग जुळत नसेल तर त्याचा कचरा होऊन जातो, जुळला तर वाचता येईल असा मजकूर. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे, पण तो सगळ्यांच्या वाटणीचा आहे. त्यात विनाकारण गोंगाट करणे योग्य नाही, आणि आपल्या यंत्राचे लॉगिनचे दार हवेत उघडे ठेवणे तर धोक्याचेच.

या दोघांना उठवायला ‘रास्पी-कॉन्फिग’ हे साधन पुरते. त्यात ‘इंटरफेस ऑप्शन्स’मध्ये ‘सीरियल पोर्ट’ निवडले की दोन प्रश्न येतात. सीरियलवरून लॉगिन शेल हवे का, या पहिल्याला ‘नाही’ म्हणायचे. सीरियल पोर्टचे हार्डवेअर चालू ठेवायचे का, या दुसऱ्याला ‘हो’. घाईत दोन्हींना ‘नाही’ म्हणून मोकळे होणारे खूप. मग भाडेकरूही जातात आणि पोर्टही बंद होतो. पहिल्या उत्तराने ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’मधला कन्सोलचा तुकडा निघतो, दुसऱ्याने ‘कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये ‘एनेबल_यूएआरटी=१’ ही ओळ येते. हाताने बदल करायचा असेल तर एक पथ्य पाळावे लागते: ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’मधला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे, मध्ये एंटर दाबला तर ओळीचा पुढचा भाग कर्नलला दिसतच नाही. या दोन्ही फायली पूर्वी ‘बूट’ फोल्डरमध्ये असत. रास्पबेरी पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून त्या ‘बूट/फर्मवेअर’मध्ये गेल्या. जुनी माहिती वाचून जुन्या जागी बदल करत बसणाऱ्यांचे पुष्कळ तास इथे वाया जातात.

तिसरा भाडेकरू जरा वेगळा आहे, आणि त्याची गोष्ट विस्ताराने सांगण्यासारखी आहे. सुरुवातीच्या रास्पबेरी पायच्या चिपमध्ये दोन यूएआरटी होते. एक पीएल०११, आर्मच्या रचनेचा, पूर्ण क्षमतेचा. दुसरा मिनी यूएआरटी, नावाप्रमाणेच तोकडा: पॅरिटी नाही, फ्रेमची चूक ओळखण्याची सोय नाही, आणि आलेली अक्षरे साठवायला जागा आठांचीच. पहिल्या काही बोर्डांवर पीएल०११ थेट चाळीस किंवा सव्वीस पिनांच्या हेडरवर येत असे आणि कोणाची तक्रार नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये पाय ३ आला तो अंगचे वायफाय आणि ब्लूटूथ घेऊन. हे ब्लूटूथही सीरियल तारेवरच बोलते. म्हणजे बोर्डावर कायमचे चिकटवलेले तेही एक बिनतारी मॉड्यूलच. त्याला भरवशाचा, वेगवान पोर्ट हवा म्हणून पीएल०११ त्याला देण्यात आला आणि हेडरवर मिनी यूएआरटी आला. पिना त्याच, क्रमांक ८ आणि १०. फक्त त्यांच्यामागचे यंत्र बदलले.

फरक पडला तो घड्याळामुळे. मिनी यूएआरटीचा वेग चिपच्या मुख्य घड्याळावरून निघतो, आणि कामाचा भार वाढला-घटला की ते घड्याळ स्वतःच वेग बदलते. २५० मेगाहर्ट्झला धरून ११५२०० बॉड बसवला असेल आणि घड्याळ ४०० वर गेले, तर तारेवरचा वेग होतो १,८४,३२०. साठ टक्क्यांची चूक! जिथे दोन टक्के मर्यादा, तिथे हे म्हणजे वेगळीच भाषा. त्यातून दिसणारा दोष मोठा फसवा असतो: बोर्ड निवांत असताना सगळे सुरळीत, कॅमेरा किंवा ब्राउझर चालू केला की मॉड्यूल बरळू लागते. ‘एनेबल_यूएआरटी=१’ ही ओळ या घड्याळाला एका जागी बांधून ठेवते, म्हणून ती नुसता पोर्ट उघडणारी ओळ नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे पीएल०११ परत हेडरवर आणणे. ‘कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये ‘डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी’ लिहिले की बोर्डाचे ब्लूटूथ बंद होते आणि पूर्ण क्षमतेचा पोर्ट ८ आणि १० क्रमांकाच्या पिनांवर येतो. त्यासोबत ब्लूटूथची ‘एचसीआययूएआरटी’ ही सेवाही बंद करावी लागते. ब्लूटूथ हवेच असेल तर ‘मिनीयूएआरटी-बीटी’ हा ओव्हरले दोघांची अदलाबदल करतो. ब्लूटूथ चालते, पण कमी वेगात. शेतात, गोदामात किंवा गच्चीवर डबाबंद बसणाऱ्या बोर्डाला कीबोर्ड आणि स्पीकर लागत नाहीत. तिथे ब्लूटूथ बंद करणेच शहाणपणाचे.

जून २०१९ च्या पाय ४ ने ही चणचण संपवली. त्याच्या चिपमध्ये आणखी चार पीएल०११ आहेत; ‘डीटीओव्हरले=यूएआरटी३’ लिहिले की जीपीआयओ ४ आणि ५, म्हणजे ७ आणि २९ क्रमांकाच्या पिना, स्वतंत्र सीरियल पोर्ट होतात. लोरा आणि जीपीएस एकाच बोर्डावर लावायचे असेल तर हाच मार्ग. मात्र पिना इतर कामांशी वाटून घेतलेल्या असतात: यूएआरटी ४ घेतला तर एसपीआय या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीच्या पिना जातात. पाय ५ मध्ये कन्सोलसाठी दोन एचडीएमआय खाचांच्या मधोमध तीन पिनांचा वेगळा कनेक्टर दिला आहे, त्यामुळे हेडरवरची गर्दी मुळातच कमी झाली.

हे ‘ओव्हरले’ प्रकरण म्हणजे काय, हे इथे सांगून टाकायला हवे. पीसीमध्ये कोणते कार्ड कुठे बसले आहे हे संगणक विचारून घेऊ शकतो. छोट्या बोर्डाच्या चिपला तसे विचारता येत नाही. आत कोणती यंत्रे आहेत आणि ती कोणत्या पिनांवर काढायची, याचा लेखी नकाशा कर्नलला द्यावा लागतो. त्या नकाशाला डिव्हाइस ट्री म्हणतात आणि मूळ नकाशावर चिकटवलेल्या दुरुस्तीच्या पट्टीला ओव्हरले. एकेक पिन अनेक भूमिका करू शकते. जीपीआयओ १४ ही पिन एका भूमिकेत पीएल०११ ची बोलण्याची तार असते, दुसऱ्या भूमिकेत मिनी यूएआरटीची, तिसऱ्यात नुसती चालू-बंद होणारी. नकाशात जी लिहिली तीच खरी.

इतर बोर्डांवर तत्त्व हेच, नावे निराळी. ऑरेंज पायसारख्या बोर्डांवर आर्मबियन हे लिनक्सचे रूप असेल तर ‘आर्मबियनएन्व्ह.टीएक्सटी’मध्ये ‘ओव्हरलेज’च्या ओळीत हवा तो यूएआरटी लिहायचा. एनव्हिडियाच्या जेटसन नॅनोवर ८ आणि १० याच पिना, पण पोर्टचे नाव ‘टीटीवायटीएचएस१’ आणि उठवायची सेवा ‘एनव्हीगेटी’. बीगलबोन ब्लॅकवर कन्सोलसाठी सहा पिनांचा वेगळा हेडर आहे, ही त्या बोर्डाची चांगली गोष्ट. जिथे कन्सोलच्याच पोर्टवर मॉड्यूल लावायची वेळ येते आणि बोर्ड यू-बूट या बूटलोडरने चालू होतो, तिथे आणखी एक चकवा असतो. यू-बूट सुरुवातीचे दोन-तीन सेकंद तारेवर कान देऊन असतो: कोणी कळ दाबली तर बूट थांबवायचे. जीपीएस मॉड्यूल न विचारता दर सेकंदाला आपली जागा सांगत असते. यू-बूट ती कोणा माणसाने दाबलेली कळ समजतो आणि जागीच थांबतो. टेबलावर मॉड्यूल काढून पाहिले की बोर्ड बिनतक्रार चालू होतो, आणि दोष सापडत नाही. अशा बोर्डावर कन्सोलचा पोर्ट मॉड्यूलला न देता दुसरा यूएआरटी उघडावा.

पोर्ट रिकामा झाला की त्याचे नाव नीट ओळखायचे. रास्पबेरी पायवर पीएल०११ ला ‘टीटीवायएएमए०’ म्हणतात, मिनी यूएआरटीला ‘टीटीवायएस०’. कोणता कोणत्या पिनांवर आहे हे बोर्डागणिक बदलते, म्हणून ‘सीरियल०’ हे टोपणनाव दिलेले असते. ते मुख्य पोर्टकडे बोट दाखवते. ‘एलएस -एल /डेव्ह/सीरियल*’ ही आज्ञा दिली की बोट कुठे आहे ते दिसते. प्रोग्रॅममध्ये टोपणनावच वापरावे, म्हणजे बोर्ड बदलला तरी प्रोग्रॅम तोच राहतो. पाय ५ वर मात्र पुन्हा खात्री करावी, कारण तिथे ‘टीटीवायएएमए१०’ हे नाव त्या तीन पिनांच्या कनेक्टरचे आहे आणि हेडरवरचा पोर्ट ‘टीटीवायएएमए०’.

मग परवानगी. पोर्टची फाईल ‘रूट’च्या मालकीची आणि ‘डायलआउट’ गटाची असते. मोडेमवरून बाहेर फोन लावायची मुभा ज्यांना होती त्यांचा हा गट. मोडेम गेले, नाव राहिले. ‘सुडो यूझरमॉड -एजी डायलआउट’ आणि पुढे आपले नाव, एवढे लिहून एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले की काम होते. पुन्हा लॉगिन केल्याशिवाय नवा गट लागू होत नाही, हे विसरून अनेक जण प्रत्येक प्रोग्रॅम ‘सुडो’ लावून चालवतात. इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रावर ती सवय वाईट.

तारांबद्दल थोडे, पण लक्षपूर्वक. एकाचे बोलणे ते दुसऱ्याचे ऐकणे, म्हणून टीएक्स पिन आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला. ग्राउंड दोघांचा एकच हवा. तो विसरला तर दोन्ही बाजू ठीक असूनही कचरा येतो. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पाच व्होल्टवर बोलणाऱ्या मॉड्यूलची टीएक्स थेट लावली तर चिप कायमची जाऊ शकते. मध्ये एक किलोओहम आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर घातले की पाचाचे ३.३ होतात; काही रुपयांत बोर्ड वाचतो. जुन्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ जोडणीत तर उणे आणि अधिक पंधरा व्होल्टपर्यंत मजल जाते. तिथे मॅक्स३२३२ सारखी चिप मध्ये घातल्याशिवाय तार लावूच नये.

वीजपुरवठ्याचा घोटाळा जीएसएममध्ये सर्वाधिक. सिम८००एल हे स्वस्त आणि लोकप्रिय मॉड्यूल ३.४ ते ४.४ व्होल्टवर चालते आणि नेटवर्कशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढते. बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवर ते लावले तर व्होल्टेजही अपुरा आणि करंटही. आज्ञांना ते व्यवस्थित उत्तर देते, पण नेटवर्क पकडायला गेले की व्होल्टेज कोसळतो आणि मॉड्यूल पुन्हा पहिल्यापासून चालू होते. सॉफ्टवेअरमध्ये कितीही शोधले तरी हा दोष सापडणार नाही. स्वतंत्र पुरवठा आणि मॉड्यूलच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर, हाच उपाय. आणखी एक गोष्ट भारतातल्या वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावी: सिम८००एल फक्त २जी जाणते आणि जिओचे नेटवर्क ४जीपासून सुरू होते. जिओचे सिम घालून मॉड्यूलला दोष देण्यात अर्थ नाही.

तपासणी नेहमी जवळून लांब अशी करावी. आधी मॉड्यूल बाजूला ठेवून बोर्डाच्या ८ आणि १० या पिना एकाच तारेने एकमेकींना जोडाव्यात आणि ‘मिनिकॉम’ हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडून काहीतरी टाइप करावे. टाइप केलेले परत दिसले तर बोर्ड, पोर्ट, नाव, परवानगी सगळे ठीक. तार काढल्यावर ते दिसेनासे व्हायला हवे, हेही पाहावे. मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधीच चालू असते. दोन तारांच्या जोडणीत ते बंद केले नाही तर कळा दाबूनही काही जात नाही. असंख्य नवशिक्यांना या एका ‘हो’ने रडवले आहे.

मग मॉड्यूल. जीएसएम असेल तर ‘एटी’ लिहून एंटर दाबायचा, उत्तर ‘ओके’ यायला हवे. ‘एटी’ म्हणजे अटेन्शन, लक्ष दे. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमने रूढ केलेली ही भाषा ४जी मॉड्यूलसुद्धा बोलतात. ‘एटी+सीएसक्यू’ला येणारा ० ते ३१ मधला आकडा म्हणजे सिग्नलची ताकद, ९९ म्हणजे मॉड्यूलला ती कळलेली नाही. शेलमधून ‘एको’ आज्ञेने ‘एटी’ पाठवणाऱ्यांना मात्र बहुधा उत्तर मिळत नाही. या आज्ञेचा शेवट कॅरेज रिटर्न या चिन्हाने व्हावा लागतो आणि ‘एको’ पाठवते ते नवी ओळ हे दुसरेच चिन्ह. एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलला तर दोन्ही लागतात. शिवाय ते एरवी ९६०० वर बोलत असले तरी आज्ञा ऐकण्याच्या अवस्थेत ३८४०० वर जाते. ई-३२ ‘एटी’ ओळखतच नाही. त्याच्या एम० आणि एम१ या दोन पिना वर केल्या की ते सेटिंग घेते, खाली केल्या की रेडिओ होते; या दोन पिना अधांतरी सोडल्या तर ते कोणत्या अवस्थेत आहे याचा भरवसा नाही. जीपीएसला काही विचारावे लागत नाही. ९६०० वर पोर्ट उघडला की डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी येऊ लागतात.

शेवटचा अडथळा पोर्टच्या आत असतो, आणि तोही माणूस समोर असल्याच्या समजुतीतून आलेला. कर्नल पोर्टवरचा मजकूर जसाच्या तसा प्रोग्रॅमला देत नाही. ओळ पूर्ण होईपर्यंत थांबतो, आलेले अक्षर पलीकडे परत पाठवतो, काही बाइटांना कंट्रोल-सी किंवा बॅकस्पेस समजून गिळतो, कॅरेज रिटर्नचे नव्या ओळीत रूपांतर करतो. मॉड्यूलने ‘ओके’ म्हटले की कर्नल तेच ‘ओके’ मॉड्यूलला परत ऐकवतो! मजकुराऐवजी नुसते बाइट पाठवणाऱ्या झिगबी मॉड्यूलच्या बाबतीत तर माहितीच बिघडते: तापमानाचा एखादा आकडा योगायोगाने ३ असला की तो कंट्रोल-सी ठरून नाहीसा होतो. ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने पोर्ट ‘रॉ’ करून प्रतिध्वनी बंद केला की हे उपचार थांबतात. पायथॉनमधले ‘पायसीरियल’ हे काम स्वतःच करते, म्हणून नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. वाचताना वेळमर्यादा मात्र घालावी. नाहीतर मॉड्यूल गप्प बसले की प्रोग्रॅमही कायमचा थांबतो.

पिना अपुऱ्या असतील तर सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिप असलेला यूएसबी अडॅप्टर वापरता येतो. त्याचे नाव ‘टीटीवाययूएसबी०’ असे येते आणि दोन अडॅप्टर असतील तर क्रमांक कोणाला कोणता मिळेल हे ठरलेले नसते. ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’ या फोल्डरमधली नावे चिप आणि अनुक्रमांक यांवरून दिलेली असल्याने ती सहसा बदलत नाहीत. ‘मोडेममॅनेजर’ बसवलेला असेल तर तो असा पोर्ट दिसताच मोडेम आहे का हे विचारायला स्वतःहून ‘एटी’ पाठवतो. मोडेम जोडायचा नसेल तर त्यालाही उठवावे.

पोर्ट मॉड्यूलला दिल्यावर एक सोय हातची जाते. नेटवर्क बंद पडले किंवा बोर्ड बूट होता होता अडला, तर सीरियल कन्सोलवरून आत डोकावता येत नाही. त्यासाठी ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ आणि ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ यांची मूळ प्रत बदल करण्याआधीच त्याच कार्डावर वेगळ्या नावाने ठेवावी. रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डाचा तो भाग फॅट पद्धतीचा असतो, म्हणजे कार्ड काढून विंडोजच्या कोणत्याही संगणकात घातले तरी या दोन फायली उघडतात. ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ची मूळ प्रत जागेवर ठेवली, मॉड्यूलच्या तारा काढल्या आणि ८, १० आणि ६ या पिनांना ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर लावला की ११५२०० बॉडवर कर्नलचे संदेश पुन्हा दिसू लागतात.